खोटं झालेलं पान

आमच्या घरी वस्तू बिघडत नाहीत, खोट्या होतात. घड्याळ खोटं होतं, नळ खोटा होतो, पंखा खोटा होतो. माझे वडील गुंडोजीराव असंच म्हणायचे, त्यांची आई असंच म्हणायची. आमचा कोण तो पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आला, त्याच्या घोड्याचा पायही वाटेत खोटाच झाला असेल. तेव्हापासून आम्ही बंगळूरचे. दाराबाहेर कानडी, ऑफिसात इंग्रजी, दिल्लीहून साहेब आला तर हिंदी, आणि मराठी फक्त घरात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझा जो निकाल लागला तो या एका शब्दानं लागला.

माझं नाव जी. जमनाबाई. जी म्हणजे गुंडोजीराव. 'बाई' हे नावातच आहे, शाळेच्या दाखल्यावर तसंच लिहिलंय. पुण्यामुंबईकडची माणसं ते ऐकून जरा गोंधळतात, त्यांना वाटतं भांड्यांना कोणी लावलंय की काय. यशवंतपूरच्या बाजूला एका सरकारी प्रयोगशाळेत मी कॉम्प्युटर विभागात टेक्निकल असिस्टंट होते. प्रयोगशाळेचं नाव सांगत नाही, पेन्शन तिथूनच येतं.

ब्राउझर म्हणजे काय ते आज शेंबड्या पोरालाही कळतं. शहाण्णव साली मोठमोठ्या शास्त्रज्ञांना मला बसून सांगावं लागायचं, की साहेब, ही पानं बघायची खिडकी आहे, इथे टिचकी मारा म्हणजे पुढचं पान येईल. आमचा तेव्हाचा ब्राउझर म्हणजे जहाजाच्या सुकाणूचं चित्र असलेला. मी त्याला सुकाणूच म्हणायची. विभागाचे प्रमुख बसवंतप्पा सर, भला माणूस. त्यांनी एक जाडजूड पुस्तक माझ्या टेबलावर आणून टाकलं आणि म्हणाले, "जमनाबाई, किती रजा उरली एवढं विचारायला लोक तीन मजले चढून येतात. या सुकाणूत काही करता येतं का बघा."

बघितलं. चार महिने डोळे फोडले. आणि एके सोमवारी सकाळी प्रयोगशाळेतल्या कुठल्याही मशीनवर आपला नंबर टाकला की रजा किती उरली ते दिसायला लागलं. लोक नुसते मजा म्हणून नंबर टाकून बघत होते. मग लायब्ररीचं पान केलं, गेस्ट हाऊसचं केलं, औषधांच्या बिलांचं केलं. दोन वर्षांत सव्वीस पानं झाली. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं असायचं, की हे पान जी. जमनाबाई यांनी केलं. खोटं कशाला बोलू, मी स्वतःच अधूनमधून पान उघडून ती तळाची ओळ वाचायची.

आता बढतीचं सांगते. ऑफिसर होण्याची मुलाखत मी दोनदा दिली होती आणि दोनदा आपटले होते. आमच्याकडचा नियम असा की तीनदाच बसता येतं. तिसऱ्यांदा नापास झालं की रिटायर होईपर्यंत त्याच खुर्चीत. माझी तिसरी मुलाखत नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये होती. आधीच्या दोन्ही वेळा दाखवायला हातात काही नव्हतं, या वेळी सव्वीस पानं होती. बसवंतप्पा सर म्हणाले होते, "यंदा तुम्हाला कोण अडवतो ते मी बघतो." पण ते जानेवारीत रिटायर झाले.

आणि त्याच्या आधी, अठ्ठ्याण्णवच्या जुलैत, पुष्कर आला होता. पुण्याचा, पंचवीस वर्षांचा, सायंटिस्ट म्हणून थेट भरती झालेला. म्हणजे वयानं माझ्या भाच्याएवढा आणि हुद्द्यानं माझ्या वर. पहिल्याच आठवड्यात मी घरी फोनवर बोलत होते. आमच्या यांना सांगत होते, "स्वल्प थांबा, मी येतेच. सरी, ठेवा आता." स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं, दोन्ही कानडीतले. मागे वळले तर हा दारात उभा आणि हसतोय.

"तुम्ही मराठी? आणि हे कुठलं हो मराठी?"

मला लागलं. पण सांगायला लाज कशाला, त्याहून जास्त बरं वाटलं. पंधरा वर्षांच्या नोकरीत त्या इमारतीत माझ्याशी कोणी मराठीत बोललं नव्हतं. मी म्हटलं, "हे इथलं मराठी. तुझ्या पुण्याहून जुनं आहे."

"जमनाबाई म्हणायला कसंतरीच वाटतं," तो म्हणाला. "काय म्हणू?"

"इथे अक्का म्हणतात."

"अक्का," तो म्हणाला. महिन्याभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं. म्हणाला, मोठ्या बहिणीला कोणी अहो-जाहो करतं का? मी विरघळले. मल्लेश्वरममध्ये आमच्या मावशीच्या घरी वरची खोली रिकामी होती, ती त्याला मिळवून दिली. दुपारी तो माझ्या डब्यात हात घालायचा आणि मी त्याला सव्वीस पानांचं आतलं सगळं शिकवायची. कुठल्या पानात काय लपलंय, कुठली ओळ का लिहिली. तो हुशार होता. एकदा सांगितलं की पुरे.

त्याच्या बदल्यात तो माझं मराठी सुधारायचा. मला हवंच होतं ते. आमच्यासारख्यांना आतून सारखं वाटत असतं, की आपलं काहीतरी कच्चं आहे, अस्सल ते तिकडे आहे. एक दिवस मी डबा उघडला आणि म्हटलं, "आज चटणी नाही रे, मिक्सर खोटा झाला."

तो घास हातात धरून हसत सुटला. "मिक्सर खोटा? मग खरा कुठाय, अक्का? दुसऱ्याच्या घरी?"

"आम्ही असंच म्हणतो. चालेनासा झाला की खोटा झाला."

"बिघडला म्हणायचं. खोटं म्हणजे लबाडीचं. फसवाफसवीचं. म्हण बघू, बिघडला."

"बिघडला," मी म्हटलं.

"पुन्हा."

त्रेचाळीस वर्षांची बाई, पहिलीतल्या पोरीगत तीनदा बिघडला म्हणाली. आणि वर खूशही झाली. आठवलं की आजही मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

डिसेंबरात एकशे वीस नवी मशीनं आली. त्यांत नवा ब्राउझर आधीच बसवलेला होता, निळ्या चिन्हाचा. डायरेक्टर साहेबांचं परिपत्रक निघालं, की एक एप्रिलपासून सगळीकडे नवाच डिफॉल्ट राहील. डिफॉल्ट म्हणजे तुम्ही काही न सांगता जो आपोआप उघडतो तो. सुकाणू मशीनमध्ये असेल, पण त्याला शोधून काढावं लागेल, आणि कोण शोधतोय?

नवा वाईट होता असं मी म्हणणार नाही. वेगानं चालायचा. पण त्याची समज वेगळी होती. माझी पानं सुकाणूच्या सवयी बघून केलेली. एक साधं उदाहरण सांगते. सुकाणूला रिकामी चौकट दिसायचीच नाही, ती तो गिळून टाकायचा आणि सगळा तक्ता वाकडा व्हायचा. म्हणून मी रिकाम्या चौकटीत एक न दिसणारं टिंब ठेवायची. टिंब आहे म्हटल्यावर तो चौकट नीट काढायचा. याला सगळे प्रोग्रामवाले ब्राउझरला फसवणं म्हणतात, त्यात पाप काही नाही. नव्यात यातलं बरंचसं उलटं व्हायचं. रजेच्या पानावर तर उरलेल्या दिवसांच्या जागी शून्य दिसायला लागलं. मी तडक पुष्करकडे गेले. मुलाखतीत दाखवायचं पहिलं पान तेच.

पुष्कर म्हणाला, "घाबरतेस काय अक्का? काय काय बिघडतं त्याची एक यादी कर. सगळं लिही, हातचं राखू नकोस. आपण दोघं मिळून एप्रिलच्या आत सगळं नीट करू."

"इंग्रजीत लिहू?"

"मराठीतच लिही ना. आपल्या दोघांतच राहील. इथे दुसरं कोण वाचणार आहे?"

हे त्यानं म्हटलं आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. मराठीत लिहायचं! माझी शाळा कानडीतली. मराठी मी वडिलांकडून पाटीवर शिकले, पोथी वाचण्यापुरतं. आयुष्यात ऑफिसचं एक अक्षर मराठीत लिहिलं नव्हतं. नवी लांब वही आणली. आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत आणि घरी चहानंतर बसून लिहिलं. कानडी शब्द आला की खोडायची. पुष्कर लिहील तसं लिहायचं, असं डोक्यात. घरंदाज बाईनं लिहावं तसं, नम्रपणानं. म्हणून जागोजागी लिहिलं, 'इथे माझंच चुकलं', 'हा माझा अडाणीपणा, दुसरं काय', 'इथे ब्राउझरला फसवलं आहे', 'घाईत केलं होतं, पदरात घ्यावं'. आपण नाही का पाहुण्यांना ताट वाढताना म्हणत, की काही जमलं नाही हो आज? आणि ताटात सगळं असतं.

एवढी काळजी घेऊनही एके ठिकाणी घरचा शब्द निसटला. रजेच्या पानाबद्दल लिहिलं, 'नव्यात हे पान खोटं होतं.' वाचताना लक्षातही आलं नाही. आपला शब्द आपल्याला कुठे दिसतो?

जयसिंगराव, म्हणजे आमचे हे, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फोरमन. ते वहीकडे बघून म्हणाले, "काय लिहितेस एवढं? प्रेमपत्र?"

मी सांगितलं. त्यांचा चहा हातात राहिला. "आपल्याच कामातल्या चुका आपल्याच हातानं लिहून वरच्या साहेबाला द्यायच्या? जमना, तुला खूळ लागलंय काय?"

"तो साहेब नाही. आपला माणूस आहे."

"कोण आपला?"

"मराठी आहे."

"मग आमच्या कारखान्यातले ते कानडी लोक कोणाचे? वीस वर्षं त्यांच्याबरोबर भाकरी खातोय मी."

"तुम्हाला नाही कळायचं," मी म्हटलं, आणि त्यांना गप्प बसवलं. तो माणूस गप्प बसला ते आजवर. त्यानंतर एकदाही 'मी म्हटलं नव्हतं?' असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

वही दिली तेव्हा पुष्करनं ती उभ्या उभ्याच चाळली. "काय सुंदर लिहिलंयस अक्का. एकही कानडी शब्द नाही." मी तीन दिवस जमिनीवर नव्हते. मग त्याला विचारलं, दुरुस्तीला कधी बसायचं? तो म्हणाला, थोडं काम आहे, पुढच्या आठवड्यात. पुढचा आठवडा फेब्रुवारीभर चालला. डबा मात्र तो रोज खात होता. शेवटी मी एकटीनं सुरुवात केली आणि मुलाखतीपर्यंत सव्वीसांतली नऊ पानं नव्यासाठी नीट केली. रजेचंही केलं. शून्य जाऊन खरा आकडा दिसायला लागला तेव्हा मी देवासमोर साखर ठेवली.

मुलाखतीला पाच जण होते. अध्यक्ष बाहेरगावचे, बाकीचे आमच्याच प्रयोगशाळेतले. मी नवी म्हैसूर सिल्क नेसून गेले होते. सुरुवात छान झाली. मी नव्या ब्राउझरात रजेचं पान उघडून दाखवलं. एकानं स्वतःचा नंबर टाकून बघितला आणि हसला. मला वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं.

मग अध्यक्षांनी एक फाइल ओढली. आत इंग्रजीत टाइप केलेली चार पानं होती. 'सध्याच्या पानांची स्थिती, कर्तीच्या स्वतःच्या कबुलीनुसार.' ते मोठ्यानं वाचायला लागले. 'अकरा ठिकाणी फसवणूक केल्याचं कर्ती मान्य करते.' 'काम घाईनं आणि अज्ञानातून झाल्याचं तिचं म्हणणं आहे.' 'रजेचं पान खोटं आहे, असं तिनं स्वतः लिहून दिलं आहे. क्षमेची विनंती केली आहे.' शेवटी शिफारस होती, की ही पानं दुरुस्त करण्यात अर्थ नाही, सगळी नव्यानं करावीत. खाली पुष्करची सही. मागे माझ्या वहीच्या झेरॉक्स प्रती जोडलेल्या, पुराव्याला.

"हे अक्षर तुमचं का?" अध्यक्षांनी इंग्रजीत विचारलं.

"माझंच."

"मग?"

मी बोलायला लागले. टिंबाचं सांगितलं. एक जण कॉम्प्युटर जाणणारा होता, त्यानं मान हलवली, म्हणाला, हो, असं करतात. चूक, अडाणीपणा हे बोलण्यातलं आहे, मराठीत आम्ही असंच लिहितो, असंही सांगितलं. पण अध्यक्ष एकाच ओळीवर बोट ठेवून बसले होते. रजेचा हिशेब म्हणजे सरकारी नोंद. "तुम्हीच लिहिलंय की पान खोटं आहे. म्हणजे दोन वर्षं लोकांना खोटे आकडे दाखवले?"

"नाही सर. खोटं म्हणजे बिघडलं. नव्या ब्राउझरात चालत नाही, एवढंच. आमच्या घरी बिघडलेल्याला खोटं म्हणतात."

"तुमच्या घरी," ते म्हणाले. कोणीतरी हसलं. "इथे मराठी येणारं दुसरं कोण आहे?"

मला तर हायसं वाटलं, बघा. मी लगेच म्हटलं, "पुष्करला बोलवा. त्याला ठाऊक आहे." त्या क्षणीही मला वाटत होतं, की टाइप करणाऱ्यानं काहीतरी घोळ घातलाय. पोरगं येईल आणि सांगेल.

तो आला. माझ्याकडे न बघता टेबलाच्या टोकाला उभा राहिला. मी मराठीतच बोलले, त्या पाच माणसांसमोर. "पुष्कर, सांग रे यांना. आमच्या घरी मिक्सर खोटा होतो म्हणजे काय होतं? तुला मी सांगितलं होतं ना? तू हसला होतास."

खोलीत कोणाला काही कळलं नाही. त्याला सगळं कळलं. त्याचे कान लाल झाले, ते मी बघितलं.

मग तो इंग्रजीत अध्यक्षांना म्हणाला, "सर, मराठीत खोटं म्हणजे फॉल्स. कुठलाही शब्दकोश बघा. मॅडमच्या घरी काय म्हणतात ते मी कसं सांगू?"

मॅडम. आठ महिने माझ्या डब्यातलं खाल्लं आणि मॅडम. मला ओरडावंसं वाटलं. त्याच्या शर्टाला धरून हलवावंसं वाटलं. पण ओरडायचं कुठल्या भाषेत? मराठीत ओरडले असते तर त्याचाही तर्जुमा त्यालाच करायला सांगितला असता. मी पदर सावरला, थँक यू सर म्हटलं आणि बाहेर आले.

निकाल आठवड्यानं लागला. तिसरी संधी संपली. नव्या पानांचं काम पुष्करकडे गेलं आणि त्याला हाताखाली दोन माणसं मिळाली. त्यासाठीच होतं सगळं. माझी पानं दुरुस्त झाली असती तर नवी करायची गरजच उरली नसती, एवढं साधं गणित. ते जयसिंगरावांना चहाच्या एका कपात कळलं होतं. मला कळायला बढती खर्ची पडली.

आणि मला काय काम मिळालं असेल? एकशे वीस मशीनं फिरायची आणि नवा डिफॉल्ट लागलाय ना ते बघायचं. सुकाणूला एक सवय होती. आपली जागा गेली असं दिसलं की तो उघडताच विचारायचा: मी आता तुमचा डिफॉल्ट नाही, मला पुन्हा करायचं का? हो की नाही? खाली एक छोटी चौकट: पुन्हा विचारू नका. प्रत्येक मशीनवर मी 'नाही' म्हटलं आणि त्या चौकटीत खूण केली. तिसऱ्या मजल्यावर एका मशीनपाशी रडू आलं, तेव्हा तिथला माणूस म्हणाला, मॅडम, डोळ्यांत काही गेलं का? मी म्हटलं, हो. एक एप्रिलला माझी सव्वीसही पानं बंद झाली. नवी आली ती फिकट निळी, छान दिसायची. तक्ते तेच, रांगा त्याच. तळाशी नाव त्याचं.

पुष्करनं डबा खायला येणं बंद केलं, एवढी लाज त्याला होती. मावशीची खोलीही सोडली. समोर आला की मान खाली घालून 'मॅडम' म्हणायचा. जूनमध्ये एक दिवस माझ्या टेबलापाशी आला. त्याची दोन्ही माणसं रजेवर होती.

"अक्का," तो म्हणाला. तीन महिन्यांनी. "रजेचं पान बिघडलंय गं. शून्य दाखवतंय. जरा बघतेस?"

मी बघितलं. दहा मिनिटांत नीट करून दिलं. माझंच तर होतं आतून. तो 'थँक्स' म्हणाला आणि गेला. त्याला काय उत्तर द्यायला हवं होतं ते मला मल्लेश्वरमच्या स्टॉपवर बसमधून उतरताना सुचलं. म्हणायला हवं होतं, बिघडलं नाही रे, खोटं झालं म्हण. तीनदा म्हण. आणि इंग्रजीत लिहून सही करून दे. रस्त्यानं चालताना मी ते दोन-चारदा पुटपुटलेसुद्धा. उद्या गेल्या गेल्या म्हणायचं, असं ठरवूनच घरात शिरले.

जयसिंगराव आधीच आले होते. मी हातपाय धुऊन चटणी वाटायला घेतली. खोबरं, मिरच्या, पाणी घातलं, बटण दाबलं, मिक्सर एकदा गुरगुरला आणि थांबला. पुन्हा दाबलं. काही नाही.

"काय झालं?" त्यांनी बाहेरून विचारलं.

"मिक्सर बिघडला," मी म्हटलं.

बाहेर वर्तमानपत्राचा आवाज थांबला. ते उठून स्वयंपाकघराच्या दारात आले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"काय झाला?"

मी सांगायला तोंड उघडलं. गुंडोजीरावांची मुलगी मी. शब्द ठाऊक होता, समोर दिसत होता, पण तोंडातून निघेना. त्या खोलीतली पाच माणसं हसतील असं वाटलं, माझ्याच स्वयंपाकघरात.

"बिघडला," मी पुन्हा म्हटलं.

त्यांनी मिक्सरची वायर काढली, भांडं उचललं आणि मागच्या अंगणातला पाटा धुवायला गेले.